ज्येष्ठांचा अबोल विकार : प्रोस्टेटची वाढ आणि आजचे सुलभ उपचार

(सुवर्ण महोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



संस्थेच्या स्थापनेस पन्नास वर्षे पूर्ण होत असताना सभागृहावर एक दृष्टिक्षेप टाकला, तर एक गोष्ट सहज ध्यानात येते. ज्या तरुणांनी पन्नास वर्षांपूर्वी दारोदार फिरून पावत्या फाडल्या, बांधकामावर उभे राहून देखरेख केली, ते आज पंचाहत्तरी-ऐंशीच्या घरात आहेत. पूर्वी प्रवचनाला पहिल्या रांगेत बसणाऱ्या या मंडळींपैकी काही जण अलीकडे मागे, दाराजवळ बसू लागले आहेत. कोणी सांगते, तेथे वारा लागतो. कोणी म्हणते, गुडघे दुखतात. खरे कारण पुष्कळदा निराळेच असते. अठ्ठेचाळीस मिनिटांचे एक सामायिक मध्ये न उठता पूर्ण होईल, याची त्यांना खात्री उरलेली नसते.

हेच गृहस्थ खामगावहून पुण्याला रात्रीच्या बसने जायचे म्हटले की दुपारपासून पाणी पिणे सोडतात. लग्नकार्यात प्रथम स्वच्छतागृह कोठे आहे ते पाहून ठेवतात. शिखरजीच्या यात्रेला 'आता प्रकृती साथ देत नाही' असे सांगून नकार देतात. रात्री तीन-चार वेळा त्यांच्या खोलीतला दिवा लागतो. पत्नीला ते ठाऊक असते, सूनबाईलाही ठाऊक असते. परंतु मुलाजवळ त्याचा उच्चार होत नाही आणि डॉक्टरांकडे मधुमेह-रक्तदाबाची तक्रार सांगून ते परत येतात. 'वय झाले, चालायचेच' या तीन शब्दांत सारा विषय मिटविला जातो. या मौनाची किंमत किती मोठी असू शकते आणि हे मौन सोडल्यास आज किती सोपे मार्ग उपलब्ध आहेत, हाच आजच्या भाषणाचा विषय आहे.

पुरुषाच्या मूत्राशयाच्या खाली, मूत्रमार्गाला वेढून असलेली प्रोस्टेट नावाची एक ग्रंथी असते. मराठीत तिला पुरःस्थ ग्रंथी म्हणतात. तारुण्यात तिचा आकार अक्रोडाएवढा आणि वजन सुमारे वीस ग्रॅम असते. चाळिशीनंतर ती हळूहळू वाढू लागते. साठीपर्यंत निम्म्या पुरुषांत आणि ऐंशीनंतर बहुतेक सर्वांत ही वाढ आढळते. केस पांढरे होण्याइतकीच ही वाढ नैसर्गिक आहे. त्यात चारित्र्याचा, खाण्यापिण्याचा किंवा पूर्वायुष्याचा दोष शोधण्याचे कारण नाही. ही वाढ म्हणजे कर्करोग नव्हे आणि तिचे कर्करोगात रूपांतरही होत नाही. मात्र एकाच ग्रंथीत दोन्ही विकार स्वतंत्रपणे असू शकतात, म्हणून तपासणी टाळू नये. आपल्या प्राचीन वैद्यकालाही या व्याधीची जाण होती. सुश्रुतसंहितेत मूत्राघाताच्या प्रकारांमध्ये 'वाताष्ठीला' सांगितली आहे. गुदद्वार आणि मूत्राशय यांच्यामध्ये दगडासारखी घट्ट गाठ होऊन मूत्र अडते, असे तिचे वर्णन असून आजचे अनेक वैद्य तिचा संबंध याच विकाराशी जोडतात.

ग्रंथी वाढली की मधून जाणारा मूत्रमार्ग दबतो. लघवीची धार बारीक होते, सुरू होण्यास वेळ लागतो, पूर्ण झाल्यासारखे वाटत नाही. मूत्राशयाचा स्नायू जोर लावून लावून प्रथम जाड होतो आणि पुढे थकतो. तळाशी उरलेल्या लघवीत जंतुसंसर्ग होतो, खडे तयार होतात. लघवीचा दाब उलट वर गेला, तर मूत्रपिंडांना सूज येते आणि फारशी वेदना न होताही त्यांचे काम मंदावू शकते.

बुलढाणा जिल्ह्यात हा शेवटचा मुद्दा विशेष गंभीर आहे. पूर्णा नदीच्या खोऱ्यातील खारपाणपट्टा आपल्या शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद या भागांत पसरला आहे आणि तेथील मूत्रपिंडविकाराच्या तक्रारी अनेक वर्षांपासून सर्वांना परिचित आहेत. ज्या मूत्रपिंडांवर आधीच भार आहे, त्यांच्यावर खालच्या अडथळ्याचा भार आणखी पडू देणे परवडणारे नाही. या पट्ट्यातील साठीच्या पुढील पुरुषाने लघवीची किरकोळ तक्रार असली, तरी रक्तातील क्रिएटिनिन तपासून घेणे श्रेयस्कर होय.

कधी कधी हा विकार सूचना न देता एका रात्रीत उग्र रूप धारण करतो. लघवी पूर्णपणे तुंबते. दीर्घ प्रवासात लघवी रोखून धरणे, बद्धकोष्ठ, किंवा सर्दी-खोकल्याची काही औषधे एवढे निमित्तही पुरते. दुकानातून परस्पर सर्दीची गोळी आणून घेणाऱ्या ज्येष्ठांनी हे आवर्जून लक्षात ठेवावे. अशा वेळी ओटीपोट फुगते आणि वेदना असह्य होतात. सकाळ होण्याची वाट न पाहता, घरगुती उपाय न करता, जवळच्या रुग्णालयात जाऊन नळी घालून घ्यावी. पुष्कळदा काही दिवस औषध देऊन नळी काढून पाहता येते. परंतु अनेक घरांत याच ठिकाणी घोटाळा होतो. 'या वयात ऑपरेशन झेपणार नाही' असे घरातल्या घरात ठरते आणि ऐंशी वर्षांचे वडील महिनोन् महिने लघवीची पिशवी धोतराआड लपवून कोपऱ्यात बसून राहतात. मंदिर सुटते, स्वाध्याय सुटतो, माणसांत येणे सुटते.

ऑपरेशनची ही भीती कोठून आली, हेही पाहिले पाहिजे. आपल्या आजोबांच्या पिढीने जे ऑपरेशन पाहिले, त्यात ओटीपोटावर छेद घेऊन, मूत्राशय उघडून ग्रंथीचा वाढलेला भाग बोटाने सोडवून काढीत असत. भारतात इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्ये सुमारे वीस वर्षे सेवा केलेल्या पीटर फ्रेयर या आयरिश शल्यचिकित्सकाने १९०० साली लंडनमध्ये ही पद्धत सुरू करून ती प्रसिद्धीस आणली. त्या काळी तिने असंख्य रुग्णांना जीवदान दिले. परंतु रक्तस्राव बराच होई आणि रुग्णालयातील मुक्काम लांबे. पुढे १९२६ ते १९३२ या काळात अमेरिकेत मूत्रमार्गातून घालावयाचे दुर्बिणीचे उपकरण विकसित झाले. विद्युत्प्रवाहाच्या तारेने ग्रंथीचा आतला भाग तुकड्या-तुकड्यांनी काढण्याच्या या पद्धतीस टीयूआरपी म्हणतात; आपल्याकडे लोक तिला 'दुर्बिणीचे ऑपरेशन' म्हणतात. अंगावर कोठेही छेद नाही, बहुधा कमरेखालचा भाग बधिर करूनच काम होते, आणि दोन-तीन दिवसांत रुग्ण घरी जातो. पूर्वी या ऑपरेशनमध्ये वापरलेला द्रव रक्तात शोषला जाऊन सोडियम घटण्याचा धोका असे. आता बायपोलर उपकरणात साधे सलाइन वापरले जाते, त्यामुळे तो धोका जवळजवळ दूर झाला आहे.

मात्र कोणत्याही उपचाराकडे वळण्यापूर्वी नीट मोजमाप हवे. माप घेतल्याशिवाय थानाला कात्री लावू नये, हे व्यापारी समाजाला सांगण्याची आवश्यकता नाही. डॉक्टर प्रथम सात प्रश्न विचारतात. गेल्या महिन्यात लघवी पूर्ण झाली नाही असे किती वेळा वाटले? दोन तासांच्या आत पुन्हा जावे लागले का? धार थांबून थांबून येते का? रोखून धरणे कठीण जाते का? धार बारीक आहे का? जोर करावा लागतो का? रात्री किती वेळा उठावे लागते? प्रत्येकास शून्य ते पाच गुण. एकूण सातपर्यंत त्रास सौम्य, आठ ते एकोणीस मध्यम आणि वीस ते पस्तीस तीव्र समजतात. त्यानंतर लघवी, रक्तशर्करा, क्रिएटिनिन आणि पीएसए या तपासण्या, बोटाने ग्रंथीची तपासणी, सोनोग्राफीने ग्रंथीचे वजन आणि लघवीनंतर मूत्राशयात उरलेले प्रमाण, तसेच धारेचा वेग मोजणारी यूरोफ्लो चाचणी. यातील बहुतेक तपासण्यांसाठी जिल्ह्याबाहेर जावे लागत नाही. रात्री वारंवार उठण्यामागे मधुमेह, हृदयविकार किंवा पायावरची सूज ही कारणेही असू शकतात. म्हणून प्रत्येक दोष प्रोस्टेटच्या माथी मारू नये. लघवीतून रक्त आले तर मात्र एक दिवसही दवडू नये.

त्रास सौम्य असेल, तर पुष्कळदा औषधाचीही गरज नसते. सायंकाळनंतर पाणी, चहा कमी करणे हा पहिला उपाय सांगितला जातो. चौविहार पाळणाऱ्यांना तो आपोआप साधतो. परंतु विदर्भाच्या उन्हाळ्यात दिवसभराचेही पाणी तोडले, तर लघवी दाट होऊन संसर्ग आणि खडे यांना आमंत्रण मिळते. तेव्हा पाण्याचे प्रमाण सकाळी व दुपारी पुरेसे ठेवावे. निर्जल उपवासापूर्वी, विशेषतः मूत्रपिंड कमजोर असल्यास, डॉक्टरांचा सल्ला अवश्य घ्यावा.

मध्यम त्रासात गोळ्यांचा चांगला उपयोग होतो. टॅम्सुलोसिन वर्गातील गोळ्या स्नायू शिथिल करून काही दिवसांतच धार सुधारतात. सुरुवातीस एकदम उठल्यावर चक्कर येऊ शकते, म्हणून रात्री उठताना क्षणभर पलंगावर बसून मगच पाऊल टाकावे. मोतीबिंदूचे ऑपरेशन ठरल्यास ही गोळी चालू आहे किंवा पूर्वी घेतली होती, हे नेत्रतज्ज्ञांना आधी सांगावे. कारण तिच्यामुळे डोळ्यातील परितारिका (आयरिस) शिथिल होते. फिनास्टेराइड, ड्युटास्टेराइड या दुसऱ्या वर्गातील गोळ्या ग्रंथी लहान करतात, परंतु त्यास सुमारे सहा महिने लागतात. त्यांच्यामुळे पीएसएचा आकडा निम्म्यावर येतो, हे तपासणीच्या वेळी सांगितले नाही तर फसगत होऊ शकते.

गोळ्यांनी भागत नसेल, लघवी पुन्हा पुन्हा तुंबत असेल, खडे झाले असतील किंवा मूत्रपिंडावर परिणाम दिसत असेल, तेव्हा शस्त्रक्रियेचा विचार करावा लागतो. येथे गेल्या तीस वर्षांत मोठे परिवर्तन घडले आहे. न्यूझीलंडमधील टौरांगा येथे पीटर गिलिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात होल्मियम लेझरची पद्धत विकसित केली. संत्र्याच्या सालीतून गर सोडवावा, तसा ग्रंथीचा वाढलेला भाग लेझरने सोडवून मूत्राशयात ढकलतात आणि तेथे त्याचा चुरा करून बाहेर काढतात. तिला होलेप म्हणतात. शंभर ग्रॅमहून मोठ्या ग्रंथीसही ती चालते, रक्तस्राव कमी होतो. तिच्यासाठी शल्यचिकित्सकाचा हात मात्र चांगला सरावलेला लागतो. काही रुग्णांस नंतर थोडे आठवडे लघवी नकळत झिरपण्याचा त्रास होतो.

याहूनही लहान उपचार अलीकडे आले आहेत. यूरोलिफ्टमध्ये ग्रंथीचे दोन भाग बारीक टाक्यांसारख्या साधनांनी बाजूला ओढून बांधतात. अमेरिकेत त्यास २०१३ मध्ये मान्यता मिळाली. रेझूममध्ये ग्रंथीत पाण्याची वाफ प्रत्येक वेळी नऊ सेकंद सोडतात आणि वाढलेला भाग पुढील काही आठवड्यांत आक्रसतो. त्याची मान्यता २०१५ ची. या दोन्ही पद्धती प्रामुख्याने मध्यम आकाराच्या ग्रंथीसाठी आहेत. तिसरा मार्ग रक्तवाहिनीचा आहे. मनगटातून किंवा जांघेतून बारीक नळी नेऊन प्रोस्टेटला रक्त पुरविणाऱ्या वाहिन्या सूक्ष्म कणांनी बंद करतात. ब्राझीलमधील साओ पाउलो येथे फ्रान्सिस्को कार्नेवाले यांनी २००८ मध्ये वाढलेल्या प्रोस्टेटसाठी ही पद्धत प्रथम वापरली. भूल द्यावी लागत नाही, केवळ जागा बधिर केली जाते. त्यामुळे ज्यांचे हृदय किंवा फुप्फुस मोठे ऑपरेशन सोसणार नाही, अशा वृद्धांसाठी आणि नळी लावून बसलेल्यांसाठी हा विचारात घेण्याजोगा मार्ग आहे. मात्र परिणाम दिसण्यास आठवडे-महिने लागतात. रक्तवाहिन्या फार कठीण झालेल्या असल्यास तो शक्य होत नाही, आणि त्यात वापरावयाच्या औषधामुळे मूत्रपिंडाची काळजी घ्यावी लागते.

'नवे तेच उत्तम' असा मात्र याचा अर्थ नाही. उपचार जितका लहान, तितकी काही वर्षांनी तो पुन्हा करावा लागण्याची शक्यता सामान्यतः अधिक. टीयूआरपी आणि होलेप यांचा परिणाम अधिक टिकाऊ असतो. परंतु त्यांनंतर बहुतेकांचे वीर्य बाहेर न येता मूत्राशयात जाते, हे पती-पत्नीने आधी समजून घ्यावे. यूरोलिफ्ट आणि रेझूममध्ये हा परिणाम क्वचितच होतो. आणखी एक भेद महत्त्वाचा आहे. दुर्बिणीच्या किंवा होलेपच्या ऑपरेशनमध्ये काढलेला भाग तपासणीस पाठविता येतो. वाफ, टाके किंवा रक्तवाहिनीच्या उपचारात तपासण्यास काहीच हाती येत नाही. म्हणून कर्करोगाची शंका आधीच दूर करून घ्यावी लागते. कोणत्याही उपचारानंतर ग्रंथीचा बाहेरील भाग शिल्लक राहतोच, तेव्हा पुढील तपासण्याही डॉक्टर सांगतील त्याप्रमाणे चालू ठेवाव्यात.

म्हणून जाहिरातीतील 'लेझर' हा एक शब्द वाचून निर्णय घेऊ नये. डॉक्टरांना सरळ विचारावे : ग्रंथीचे वजन किती? मूत्राशयाचा स्नायू अजून सक्षम आहे का? हा उपचार आपण किती रुग्णांवर केला आहे? नळी किती दिवस राहील? पुन्हा करावा लागण्याची शक्यता किती? हृदयात स्टेंट असल्यास रक्त पातळ करणारी गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नये; ती केव्हा आणि किती दिवस थांबवावी, हे हृदयरोगतज्ज्ञ आणि शल्यचिकित्सक मिळून ठरवितात. केवळ वय अधिक आहे, एवढ्या कारणासाठी उपचार नाकारण्याचे दिवस आता राहिलेले नाहीत. उलट, फार उशीर झाल्यास अडथळा दूर होऊनही थकलेला मूत्राशय पुन्हा काम करीत नाही.

घरी आल्यावर चार-सहा आठवडे कापडाच्या गाठी उचलणे, मोटारसायकल, ट्रॅक्टर यांपासून दूर राहावे, बद्धकोष्ठ होऊ देऊ नये. दहा-पंधरा दिवसांनी खपली सुटून लघवी किंचित लाल होऊ शकते; पाणी वाढविल्याने ती बहुधा निवळते. गुठळ्या आल्या किंवा लघवी अडली, तर त्वरित रुग्णालय गाठावे.

खर्चाचा विचार प्रत्येक घरात होतोच. टीयूआरपी तुलनेने स्वस्त आणि सर्वत्र परिचित आहे. होलेपसाठी अकोला, छत्रपती संभाजीनगर, नागपूर येथे चौकशी करावी. वाफेचे, टाक्यांचे आणि रक्तवाहिनीचे उपचार मुख्यतः महानगरांतील निवडक रुग्णालयांत होतात आणि एकदाच वापरावयाच्या साधनांमुळे ते महाग पडतात. अंदाजपत्रक नेहमी लेखी घ्यावे. आरोग्य विम्यात या विकारासाठी बहुधा दोन वर्षांचा प्रतीक्षाकाळ असतो. पॉलिसीतील हे कलम आजच वाचून ठेवावे. शासनाच्या महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची चौकशी रुग्णालयातील आरोग्यमित्राकडे करता येते. २९ ऑक्टोबर २०२४ पासून सत्तर वर्षे पूर्ण केलेल्या सर्व ज्येष्ठांना, उत्पन्नाची अट न ठेवता, आयुष्मान भारत योजनेत वार्षिक पाच लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण देण्यात आले आहे. हे कार्ड काढून देणे, हे घरातील तरुणांचे अर्ध्या तासाचे काम आहे.

आता प्रश्न उरतो तो संकोचाचा. १७ जानेवारी २०२४ रोजी ब्रिटनचे राजे चार्ल्स तृतीय यांनी, वयाच्या पंचाहत्तराव्या वर्षी, आपल्याला प्रोस्टेटच्या वाढीचा विकार असून त्यावर उपचार होणार आहेत, असे जाहीर केले. त्या दिवशी तेथील शासकीय आरोग्य सेवेच्या या विषयावरील माहिती वाचणाऱ्यांची संख्या आदल्या दिवसाच्या अकरापट झाली. त्याच रुग्णालय-मुक्कामात एक निराळी शंका डॉक्टरांच्या लक्षात आली आणि पुढील तपासण्यांत प्रोस्टेटचा नसलेला एक कर्करोग लवकर ध्यानात आला. एका राजाने जे जगापुढे सांगितले, ते एका वडिलांनी आपल्या मुलाला सांगण्यात कमीपणा कसला?

सुवर्ण महोत्सवाच्या निमित्ताने संस्थांनीही दोन-तीन गोष्टी सहज करता येण्याजोग्या आहेत. आरोग्य शिबिरात डोळे आणि रक्तशर्करा यांच्याबरोबर त्या सात प्रश्नांचा कागद आणि क्रिएटिनिनची तपासणी ठेवावी. ज्येष्ठ पुरुषांसाठी वेगळी वेळ ठेवावी, म्हणजे संकोच कमी होईल. धर्मशाळेत तळमजल्यावर एक कमोड, भिंतीला धरण्यासाठी दांडी आणि रात्रभर जळणारा छोटा दिवा असावा. अंधारात घाईने जाताना पडून खुब्याचे हाड मोडलेले वृद्ध प्रत्येक गावात आहेत. आणि प्रवचनाच्या मध्ये पाच मिनिटांचा विराम ठेवला, तर दाराजवळ बसलेले कितीतरी जण पुन्हा पुढच्या रांगेत येतील.

त्या सात प्रश्नांच्या शेवटी डॉक्टर आठवा प्रश्न विचारतात. त्याचे गुण बेरजेत धरीत नाहीत, परंतु उपचार ठरविताना तोच पुष्कळदा निर्णायक ठरतो. 'लघवीची ही स्थिती उर्वरित आयुष्यभर अशीच राहिली, तर आपल्याला कसे वाटेल?' प्रत्येक ज्येष्ठाने हा प्रश्न आज रात्री स्वतःला विचारावा आणि त्याचे उत्तर उद्या सकाळी घरातील एका तरी माणसाला सांगावे. पुढची वाट दाखविण्यास डॉक्टर समर्थ आहेत. पहिला शब्द मात्र ज्याचा त्यानेच उच्चारावा लागतो.